‘असल में आप कौन?’ : बँकॉकच्या कापडबाजारातला एक जुना प्रश्न

परदेशात गेलं की जात सुटते, असं आपल्यातले बरेच शिकलेले लोक सांगतात. दुबईत नोकरी करणारा भाऊ सांगतो, सिंगापूरहून सुट्टीला आलेली मैत्रीण सांगते. क्रांती चौकात मोर्चासाठी उभं राहिलं की एखादा तरुण कार्यकर्ता हमखास म्हणतो, “ताई, इथे डोकं फोडून घेण्यापेक्षा पासपोर्ट काढा.” तो हसत म्हणतो, पण त्यामागे थकवा असतो आणि तो थकवा मला चांगला समजतो. म्हणूनच हे वाक्य एकदा नीट तपासून पाहायला हवं. माझ्यापुरती ती तपासणी बँकॉकमधल्या फाहुरात नावाच्या कापडबाजारात झाली.

गेल्या वर्षी वर्षावासात आमच्या वस्तीतल्या उपासक-उपासिकांसोबत मी थायलंडला धम्मसहलीला गेले होते. सहलीत अर्धा दिवस खरेदीसाठी मोकळा होता. बाकीचे मॉलमध्ये गेले. माझ्याकडे मात्र यादी होती. मी ज्या महिला बचत गटासोबत काम करते त्यात चौदा बाया आहेत. शाळेचे गणवेश, ब्लाउज, साड्यांना फॉल-पिको ही त्यांची वर्षभराची कामं. चौदा एप्रिल आणि सहा डिसेंबरच्या आधी निळे झेंडे, आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आधी पांढऱ्या साड्यांवरचे ब्लाउज, यासाठी रात्र-रात्र मशीन चालते. कापड येतं पैठण गेट आणि गुलमंडीवरून. गटाच्या अध्यक्ष मावशींनी मला दोन कामं दिली होती. एक, तिकडे पांढरं सुती कापड वाराने काय भावाने मिळतं ते बघून ये. दोन, भंतेजींसाठी एक चीवर आण, त्याचं माप घेऊन पुढच्या कठिण चीवरदानाला आपणच शिवू.

फाहुरातला बँकॉकचं ‘लिटल इंडिया’ म्हणतात. हा भाग चीनी वस्तीला लागून आहे. इथे पूर्वी व्हिएतनामी लोकांची वस्ती होती. १८९८ साली ती आगीत जळाली आणि राजा चुलालोंगकोर्नने तिथून रस्ता काढला. बालपणीच वारलेल्या आपल्या मुलीचं नाव त्याने रस्त्याला दिलं. पुढे पंजाबातून आलेल्या शीख कापडविक्यांनी इथे दुकानं थाटली. गल्ल्यांच्या मधोमध सोनेरी घुमटाचा उंच पांढरा गुरुद्वारा आहे, त्याला टेकून मॉल, आणि मॉलच्या पोटात, पाठीत, बोळात कापडच कापड. छतापर्यंत रचलेले तागे, जरीच्या किनारी, थाई नर्तकींच्या पोशाखाचं चमचमतं कापड, सुरतेच्या साड्या, टिकल्या, अगरबत्ती, जिलेबीची कढई, पानाचं दुकान. अजूनही वारावर मोजतात. थाई भाषेत वाराला ‘ला’ म्हणतात, हे मला दहा मिनिटांत कळलं, कारण सगळीकडून तोच शब्द कानावर येत होता.

भारतीय कापडाचं आणि सयामचं नातं या दुकानांहून जुनं आहे. गुजरातेत पेथापूरला लाकडाचे ठसे कोरले जायचे, त्या ठशांनी खास सयामी लोकांच्या आवडीची नक्षी कापडावर छापली जायची आणि ती ‘सौदागिरी’ नावाने इकडे विकली जायची. म्हणजे ठसा कोरणारा एक, छापणारा दुसरा, विणणारा तिसरा आणि नाव लागलं सौदागराचं. कापडाच्या नावातच नफा कुणाचा ते लिहून ठेवलेलं.

एका दुकानात पांढरं सुती कापड मनासारखं दिसलं. पन्हा मोठा, पोत चांगला. मालक पन्नाशीचे, घरात तीन पिढ्या बँकॉकमध्ये, हिंदी मात्र खणखणीत. त्यांनी स्टूल दिलं, चहा मागवला. “कहाँ से?” मी छत्रपती संभाजीनगर म्हटलं, ते कळेना, मग औरंगाबाद म्हटलं. “अच्छा, अजंता-एलोरा!” गप्पा रंगल्या. मग आलं, “पूरा नाम?” मी सांगितलं. आडनाव त्यांना लागेना. “मराठा? ब्राह्मण?” मी म्हटलं, बौद्ध. ते हसले. “वो तो यहाँ के लोग हैं, बेटी. असल में आप कौन?”

ज्या देशात जवळजवळ सगळेच बौद्ध आहेत, त्या देशाच्या राजधानीत बसून एक भारतीय माणूस मला सांगत होता की बौद्ध हे ‘इथले लोक’ आहेत आणि मी भारतातली असल्यामुळे बौद्ध हे माझं खरं उत्तर असू शकत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात जे घडलं ते या माणसाच्या लेखी घडलेलंच नाही. किंवा घडलं असलं तरी ते वरचं कापड, आतलं अस्तर वेगळंच असणार, अशी त्याची खात्री.

मी म्हटलं, “असल में भी बौद्ध.” आणि मग, समाजशास्त्राच्या विद्यार्थिनीला शोभेल अशा शांतपणे, आजोबांनी धर्मांतर केलं ते सांगितलं, बाबासाहेबांचं नाव घेतलं. ते “अच्छा, अच्छा” म्हणाले. इथे मला कुणावर अन्याय करायचा नाही. त्यांनी अपमान केला नाही, भावात एका बाटचाही फरक केला नाही, कापड चोख मोजून दिलं. फक्त गप्पा संपल्या. अजंता-एलोरा संपलं. दुसरा चहा आला तो माझ्या मागून आलेल्या गिऱ्हाइकाला. आपल्या गावात एखाद्या घराच्या ओट्यावर जे होतं तेच, फक्त वातानुकूलित.

या प्रसंगाचा दुसरा अर्धा भागही सांगायला हवा. कापडाची घडी घालणारी थाई मुलगी मगापासून माझ्या गळ्यातल्या छोट्या बुद्धमूर्तीकडे बघत होती. मालक उठून गल्ल्यावर गेल्यावर तिने बोट दाखवून एकच शब्द विचारला, “फुत?” म्हणजे बौद्ध का. मी मान हलवली. तिने स्वतःच्या गळ्यातली मूर्ती बाहेर काढून दाखवली, हात जोडले आणि कामाला लागली. असल में वगैरे काही तिला पडलेलं नव्हतं.

थाई लोकांना भारतीय माणसाची जात दिसतच नाही. त्यांच्याकडे आपल्या सगळ्यांसाठी एक शब्द आहे, ‘खेक’. मूळ अर्थ पाहुणा, परका. शीख, तमिळ, बोहरी, उत्तर प्रदेशातून येऊन शेंगदाणे आणि मच्छरदाण्या विकणारा भय्या, सगळे खेक. शब्दात थोडा हेटाळणीचा वासही आहे, रंगावरून. म्हणजे वंशभेद तिथे नाही असं समजू नका. गंमत एवढीच की बाहेरून सगळ्यांना एकाच पिशवीत टाकलेलं असतानाही आतल्या आत माणसं एकमेकांना ‘तू कोणत्या खणातला’ असं विचारत राहतात. आणखी गंमत म्हणजे त्या दुकानदारांनी मला दिलेल्या कार्डावरचं त्यांचं स्वतःचं आडनाव थाई होतं. थायलंडमध्ये १९१३ पर्यंत सामान्य माणसाला आडनावच नसायचं. राजा वजिरावुधने कायदा करून ती आणली, आणि आजही तिथे माणूस पहिल्या नावानेच ओळखला जातो. अशा देशात राहून, तिथलंच आडनाव घेऊन, हा गृहस्थ माझ्या आडनावात माझी पायरी शोधत होता.

बाबासाहेब २५ वर्षांचे होते तेव्हा, ९ मे १९१६ ला, कोलंबिया विद्यापीठात त्यांनी जातींवरचा निबंध वाचला. त्यात त्यांनी श्रीधर व्यंकटेश केतकरांचा एक इशारा पुढे केला आहे: हिंदू जगात इतरत्र गेले तर जात हा साऱ्या जगाचा प्रश्न होऊन बसेल. आपण हे वाक्य भाषणात टाळ्यांसाठी वापरतो. पण ते टाळीचं वाक्य नाही, समाजशास्त्राचं निरीक्षण आहे. २००९ साली व्हिएन्नात रविदासिया समाजाच्या गुरुघरात संत रामानंद यांचा खून झाला आणि पंजाब पेटला. २०२३ च्या फेब्रुवारीत सिएटल शहराला जातीवरून भेदभाव करण्यास मनाई करणारा कायदा करावा लागला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने तसंच विधेयक मंजूर केलं, तर तिथल्या गव्हर्नरने ते अडवलं. ज्याचं अस्तित्वच नाही त्यासाठी कुणी कायदा करत नाही, आणि तो अडवायला कुणी धावतही नाही. पासपोर्ट काढा जरूर, पण कशासाठी काढतोय ते माहीत असू द्या.

दुपारी भूक लागली तेव्हा पहिली पाटी दिसली ती ‘शुद्ध शाकाहारी’. हिंदीत, इंग्रजीत आणि थाईत. एम.ए. झाल्यावर आपल्या शहरात मी खोली शोधत फिरले तेव्हा हीच दोन अक्षरं, ‘शुद्ध’, घरमालकांच्या तोंडी किती सफाईने येत ते आठवलं. जात विचारायची नसते तेव्हा स्वयंपाक विचारतात. गंमत बघा, थायलंडमध्येही वर्षातून काही दिवस चिनी वंशाचे लोक मांस-मासे सोडतात, कांदा-लसूणसुद्धा. त्याला ‘जे’ म्हणतात, दुकानावर पिवळा झेंडा लागतो. पण तो झेंडा त्या दिवसांतल्या जेवणाबद्दल सांगतो. रांधणारा आणि जेवणारा कोणत्या घरात जन्मला ते सांगत नाही. आमटी बेसनाची की मांसाची यावर माणसाची शुद्धता ठरवणं हा खास आपल्याकडचा शोध, आणि तो तिकडेही पाटीवर टांगलेला. त्या बाजारातल्या ‘इंडियन फूड’मध्ये छोले होते, डोसा होता, ढोकळा होता. चान्या नव्हत्या, रक्ती नव्हती, साधी ज्वारीची भाकरही नव्हती. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ लिहून मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या ताटाची नोंद केली नसती तर आपल्यालाही आपलं ताट पुस्तकात सापडलं नसतं. मग बँकॉकच्या पाटीवर कुठून सापडणार?

मी जेवले गुरुद्वाऱ्यात. डोक्यावर ओढणी, जमिनीवर पंगत, डाळ, भाजी, रोटी, खीर. शेजारी एक थाई म्हातारी, पलीकडे पाठीवर बॅग घेतलेला गोरा पोरगा. वाढणाऱ्याने नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, “परशादा?” एवढंच विचारलं आणि रोटी हातावर ठेवली. माझ्या मनात १९३६ आलं. येवल्याच्या घोषणेनंतर बाबासाहेब अमृतसरला शीख परिषदेत गेले होते, आपली माणसं तिकडे अभ्यासाला पाठवली होती. या पंगतीची ओढ त्यांना का वाटली असेल ते त्या जमिनीवर बसल्यावर कळतं. ते पुढे का थांबले त्याची अनेक कारणं सांगितली जातात. मजहबी आणि रविदासिया शिखांना पंजाबच्या गावात आजही वेगळं स्मशान, वेगळा गुरुद्वारा का लागतो, हा प्रश्न त्यांतल्या एका कारणापाशी घेऊन जातो. पंगत खरी आहे. पंगतीतून उठल्यावर काय, तो प्रश्नही खरा आहे.

मात्र एक गोष्ट त्या बाजारातून डोळे उघडे ठेवून शिकण्यासारखी आहे. हे शीख व्यापारी आले तेव्हा बरेच जण खांद्यावर कापडाचं गाठोडं घेऊन दारोदार फिरणारे फेरीवाले होते. आधी आलेल्याने नंतर आलेल्याला माल उधार दिला, राहायला जागा दिली, जेवायला लंगर होतंच. भांडवल म्हणजे नुसते पैसे नव्हेत. आपला माणूस बुडवणार नाही हा विश्वास म्हणजेही भांडवल, आणि भारतात हा विश्वास जातीच्या कुंपणातच फिरतो. बाबासाहेबांनी मुंबईत शेअर-भांडवलाबाबत सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता हे आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे? परदेशात शिकून आलेला अर्थशास्त्रज्ञ. पण सल्ला देणाऱ्याची जात कळल्यावर गिऱ्हाईक फिरकेनासं झालं. बुद्धी होती, पदवी होती, उधारी नव्हती.

आणि कापडाचा प्रश्न तर आपल्या वर्मावरच बसतो. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगाराला सूतकताईत काम मिळायचं, पण जास्त मजुरीच्या विणकाम खात्यात प्रवेश नव्हता. कारण काय, तर धोट्यात नवी कांडी भरली की सुताचं टोक धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून काढावं लागे, आणि अस्पृश्याच्या उष्ट्या धोट्याला सवर्ण विणकर तोंड लावणार नव्हते. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा मुद्दा लावून धरला. कामगारांची एकजूट म्हणणाऱ्यांना त्यांनी विचारलं की या एकजुटीत विणकाम खातं येतं की नाही. फाहुरातमध्ये छताला भिडलेले ते तागे बघताना मी मनात मोजत होते: कापूस वेचणारी आपली, सरकी उपसणारा आपला, आज सुरतेच्या यंत्रमागावर बारा तास उभं राहणाऱ्यांतही आपले कितीतरी, आणि कात्री ज्याच्या हातात आहे त्या गल्ल्यावर आपलं कुणी नाही. बँकॉकलाही नाही आणि गुलमंडीलाही जवळजवळ नाहीच.

चीवर फाहुरातमध्ये मिळालं नाही. तिथून उत्तरेला पंधरा-वीस मिनिटं चाललं की वाट सुथात हा मोठा विहार आणि त्याच्या समोरचा बामरुंग मुआंग रस्ता लागतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना फक्त धम्मसाहित्याची दुकानं. माणसाच्या तिप्पट उंच बुद्धमूर्ती प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून फुटपाथवर उभ्या. पिवळ्या बादल्यांत चीवर, साबण, टूथपेस्ट, चहाची पाकिटं असा दानाचा संच बांधून ठेवलेला. जवळच ब्राह्मणांचं देऊळही आहे, आणि बुद्धमूर्तींच्या शेजारी गणपतीही विकायला. आमच्या सहलीतल्या एका काकांना हे बघून धक्काच बसला. तिसरी प्रतिज्ञा पाठ असलेल्या माणसाला तो बसणारच. थायलंड बौद्ध देश आहे, आंबेडकरी बौद्ध देश नाही, हे तिथे जाणाऱ्या प्रत्येकाने निघण्याआधी समजून घेतलेलं बरं. उगाच स्वप्न बघून जायचं आणि उगाच रुसून यायचं, दोन्ही नको.

चीवर उलगडून दाखवताना दुकानातल्या बाईंनी शिवण दाखवली. तुकड्याला तुकडा जोडून, मधे बांधासारख्या पट्ट्या. विनयपिटकात याची हकिकत आहे. मगधातली बांध घातलेली भातशेतं बघून बुद्धांनी आनंदाला विचारलं, चीवर असं करता येईल का, आणि आनंदाने तसं शिवलं. त्याआधी भिक्खू पांसुकूल वापरत: उकिरड्यावरच्या, स्मशानात टाकलेल्या चिंध्या धुऊन जोडलेलं वस्त्र. थाई अंत्यविधीत आजही भिक्खूंना वस्त्र देण्याच्या विधीला ‘बांगसुकुन’ म्हणतात, तो हाच शब्द.

मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळाने प्रेतावरचं वस्त्र घालावं असं सांगितलं आहे. तेच स्मशान, तेच वस्त्र. एका ठिकाणी ते जन्मावरून अंगावर टाकलं गेलं, दुसऱ्या ठिकाणी राजघराण्यातल्या माणसाने आणि त्याच्यामागे गेलेल्या ब्राह्मणांनी, न्हाव्याने, भंग्याने सारख्याच चिंध्या स्वतःहून घेतल्या. सुनीत आणि उपाली यांच्या अंगावर जे होतं तेच सारिपुत्ताच्या अंगावर होतं. आपल्या आज्यांना नवं लुगडं नेसून गावातून चालायची मुभा नव्हती. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला तो ग्रंथ जाळला आणि त्याच मुक्कामात बाबासाहेबांनी जमलेल्या बायांना सांगितलं की लुगडं असं नेसा की त्यावरून तुमची जात ओळखू येऊ नये. दुसऱ्या दिवशी बायांची नेसण बदललेली होती. कापडाचा प्रश्न आपल्यासाठी कधीच नुसता कापडाचा नव्हता.

मी चीवर घेतलं, पांढरं कापड वीस वार घेतलं आणि परत आले. इकडे मावशींनी कापड दोन बोटांत चोळून बघितलं आणि म्हणाल्या, “हे तर आपल्या इचलकरंजीचं असतं तसंच की. एवढ्या लांबून कशाला आणलं?” मग बैठकीत हिशोब निघाला. भडकल गेटला बाबासाहेबांच्या पुतळ्यापाशी, विद्यापीठामागच्या बुद्ध लेणीवर, वर्षातल्या चार मोठ्या दिवशी आपला समाज किती पांढरं आणि किती निळं कापड घेतो? त्यातली शिलाई आपल्या हातात येते, म्हणजे रुपयातले काही पैसे. कापडावरचा नफा दुकानदाराचा, उधारीवरचं व्याज दुकानदाराचं. झेंडा आपला, तागा त्याचा. एक तरुण पोरगी म्हणाली, “ताई, आपण मोर्चा त्याच्या दुकानावरून नेतो आणि झेंडाही त्याच्याच दुकानातून घेतो.” कुणीतरी म्हणालं, धंदा करणं म्हणजे बनिया होणं. यावर बराच वेळ वाद झाला. माझं मत मी स्पष्ट मांडलं: समतेच्या गोष्टी करणाऱ्या समाजाने गल्ल्यापासून लांब राहायचं, ही शिकवण आपल्याला बुद्धाने दिलेली नाही. अनाथपिंडिक व्यापारीच होता, आणि जेतवन त्याच्या पैशाने उभं राहिलं.

चीवर उसवून माप घेतलं आहे. रंग कुठे करायचा ते अजून ठरायचं आहे. चौदाजणींनी मिळून घाऊक मालासाठी वर्गणी काढली, तीन तागे येतील एवढी. पुढच्या महिन्यात आम्ही तिघी इचलकरंजीला जाणार आहोत. व्यापाऱ्याशी फोनवर बोलणं झालं, भाव ठीक वाटला. त्याने विचारलं, बिल कुणाच्या नावाने करू? मावशी म्हणतात गटाच्या नावाने. पोरी म्हणतात, गटाचं नाव बदलून त्यात बाबासाहेबांचं नाव घाला, आधी बिल त्या नावाने फाडू दे, मग बघू उधारी देतो का. वाद अजून चालू आहे.